रुमाल रद्दीत घालू नका

मॉरिशसमधल्या मराठी माणसाला आपला खापरपणजोबा कोण, हे बऱ्याचदा सापडतं. तो कुठल्या वाडीतून निघाला, तिथे घोडं अडतं.

1834 पासून करारावर उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या हिंदी मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव. संस्थेने तिचं काम केलंय. उरलंय ते आपलं.

नोंदीत आडनाव सहसा नसतं. पुष्कळांच्या बापाचं किंवा आजोबाचं नावच पुढे आडनाव होऊन बसलं. गावाचं नाव कारकुनाच्या कानावर पडलं तसं, रोमन लिपीत. समजा, ‘शिरगाव’ एवढं उलगडलं. पण कुठलं? रत्नागिरीजवळचं, चिपळूणचं की देवगडचं? तेव्हा देवगडही रत्नागिरी जिल्ह्यातच. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 मध्ये. तालुका दिलेला असला आणि तो ‘सुवर्णदुर्ग’ असेल, तर वंशज बिचारा समुद्रातला किल्ला शोधत बसतो. त्या नावाचा तालुकाही होता, दापोलीकडचा, हे त्याला कोण सांगणार?

सांगतील ते आपल्याकडचेच कागद. खोतांची दप्तरं, देवस्थानांचे हिशेब, मानकऱ्यांच्या याद्या. बहुतेक मोडीत, कापडी रुमालांत बांधलेले, माळ्यावर, वाळवीच्या तोंडी. घर पाडून नवं बांधताना ते आधी रद्दीत जातात. मोडी वाचणार कोण, ही सबब आता ऐकू नका. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा असेच रुमाल सोडले गेले आणि वाचणारेही मिळाले. जातीच्या दाखल्यासाठी जमलं, ते भाऊबंदासाठी का जमू नये?

मॉरिशसच्या मराठी घरांत गणपती बसतो, जाखडी नाचली जाते. चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. देव नेला, नाच नेला, वाडीचं नाव तेवढं वाटेत गळलं.

तेव्हा चाकरमान्यांनो, या गणपतीत गावी गेलात की माळ्यावर चढा. रुमाल झटका, प्रत्येक पानाचा फोटो काढा, मग जिल्ह्याच्या ठिकाणी मोडी शिकलेलं कुणी गाठा. गुरवांकडे, जुन्या खोतांच्या घरी विचारा. आणि वंशावळ लिहायला बसाल तेव्हा ‘परागंदा’ म्हणून सोडून दिलेली फांदी गाळू नका. त्या माणसाच्या नावापुढे बापाचं नाव, भावांची नावं, गाव, वाडी आणि ग्रामदेवता लिहा. तिकडच्या वहीशी जुळवायला बापाचं आणि गावाचं नाव लागतं, बाकीचं खात्री करायला.