घरोपयोगी विज्ञान : माळ्यावरचा संगणक

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली म्हणून कोणी तें मोडींत घालीत नाहीं. पुन्हां कल्हई लावून वापरांत आणतात. लॅपटॉपविषयीं मात्र हा विवेक आपल्या घरांत फारसा दिसत नाहीं. तो मंद झाला, कीं त्याची रवानगी माळ्यावर होते आणि नव्याची खरेदी ठरते. वास्तविक पुष्कळदां यंत्र धडधाकट असतें. त्यावर लादलेला भार मात्र त्यास पेलत नाहीं.

हा भार मुख्यतः कार्यप्रणालीचा असतो. यंत्राचा सारा कारभार जिच्या हुकमतीखालीं चालतो, ती मूळ आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली. विंडोजचें मूळ लेखन कंपनीच्या कुलुपांत असतें. लिनक्सची गोष्ट निराळी. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लायनस टॉरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें तिचा गाभा रचून जगापुढें ठेवला. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं आरंभिलेल्या ‘ग्नू’ कार्याची त्यास जोड मिळाली. तिचें लेखन कोणीही वाचावें, सुधारावें व दुसऱ्यास द्यावें, अशी परवान्यांतच मुभा आहे. ‘मुक्त’ ह्या शब्दाचा खरा अर्थ हाच. केवळ ‘फुकट’ नव्हे.

ह्या मुभेचें फळ २००७ सालीं दिसलें. तैवानच्या आसुस कंपनीनें ‘ई पीसी ७०१’ हा चिमुकला संगणक काढला : सात इंचांचा पडदा, किलोपेक्षांही कमी वजन आणि साठवणीस अवघे ४ गिगाबाइट! त्या वेळच्या विंडोज व्हिस्टास १५ गिगाबाइट मोकळी जागा लागे. म्हणून ह्या यंत्रावर लिनक्सची एक आवृत्ति बसविली. त्याच सालीं निकोलस नेग्रोपॉन्टी ह्यांच्या संस्थेनें शाळकरी मुलांसाठीं केलेला ‘एक्सओ’ संगणकही लिनक्सवरच चालला. पुढच्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें आपली जुनी एक्सपी प्रणाली असल्या स्वस्त यंत्रांसाठीं विक्रींत चालू ठेवली. बाजारांत दुसरा पर्याय असला, म्हणजे बलाढ्य विक्रेत्यासही थोडें नमावें लागतें.

ही हकीगत आज आठवण्याचें कारण असें, कीं १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठराविक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळें कित्येक चांगलीं यंत्रें नाकारलीं जातात. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा लुबुंटू चालवून पाहावें. प्रथम घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें निराळ्या डिस्कवर उतरून घ्यावीं. मग प्रणाली पेनड्राइव्हवर भरून तेथूनच संगणक सुरू करावा. आंतील मजकुरास धक्का न लागतां मराठी टंकलेखन, आवाज, छपाई व वाय-फाय नीट चालतात कीं नाहीं, तें कळतें. मन भरल्यावरच ती कायमची बसवावी. कारण त्या वेळीं जुना मजकूर पुसला जाऊं शकतो.

मर्यादाही सांगणें अवश्य आहे. केवळ विंडोजसाठीं लिहिलेले हिशेबाचे वा परीक्षांचे कांहीं कार्यक्रम येथें चालत नाहींत. फार जुन्या ३२-बिट यंत्रांना नव्या प्रणाली सोडून देत आहेत; ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ नें असल्या संगणकांवर प्रणाली बसविण्याची सोय बंद केली. म्हणजे तो मूळचा ई पीसीही आतां तिच्या कक्षेबाहेर गेला.

तरीही प्रयत्न करण्याजोगा आहे, आणि तो केवळ काटकसरीसाठीं नव्हे. एकत्र कुटुंबांत संगणक एकच असला, म्हणजे तो बहुधा वडील मुलाच्या हातीं जातो आणि बहिणीनें वा भावजयीनें आपली पाळी येईपर्यंत ताटकळावें, असा क्रम पडतो. माळ्यावरचें यंत्र उतरवून तें त्यांच्यापैकीं कोणाच्या स्वाधीन करावें. प्रणाली बसविण्याचें कामही तिच्याकडूनच करवून घ्यावें. यंत्राबरोबर तें चालविण्याची विद्याही तिच्या हातीं आली, तर हा लाभ नव्या खरेदीहून निश्चित मोठा ठरेल.