मालमोटारीचा वाटखर्च व ठोक उत्पन्नाचा नियम

ऊंस, कांदा, द्राक्षें यांची ने-आण करणारी मालमोटार आतां पुष्कळ शेतकरी कुटुंबांत आली आहे. धाकटा भाऊ किंवा मुलगा ती स्वतःच हांकतो. हप्ता मात्र अनेकदां शेताच्या जिवावर फेडला जातो, म्हणून तिच्या हिशेबाची चर्चा या मासिकांत अप्रस्तुत होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

दुसऱ्याचा माल वाहून मिळालेलें भाडें हें शेतीचें उत्पन्न नव्हे. तें शेतीच्या नांवाखालीं करमुक्त म्हणून दाखविण्याची चाल सरळसरळ चुकीची आहे. या धंद्यासाठीं आयकराच्या कायद्यांत १९९४ सालीं ठोक उत्पन्नाचा नियम आला, आणि १९६१ च्या कायद्याच्या जागीं केलेल्या २०२५ च्या कायद्यांतही तो ठेवला आहे. ज्याच्याजवळ दहांहून अधिक गाड्या नाहींत अशा मालकास १२ टनांपर्यंतच्या गाडीमागें दरमहा ७,५०० रुपये, व त्याहून जड गाडीस एकूण वजनाच्या दर टनामागें दरमहा १,००० रुपये उत्पन्न झालें असें धरतात. २८ टनांच्या गाडीचे वर्षाचे ३,३६,००० रुपये होतात. डिझेल, टोल, टायर, चालकाचा भत्ता, घसारा हें सर्व त्यांतून वजा झालेंच आहे असें कायदा समजतो. निराळें कांहीं मागतां येत नाहीं.

सोय मोठी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. वह्यांची दगदग नाहीं, आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतींत ४ लाखांपर्यंत कर नसल्यामुळें एकाच गाडीच्या मालकास बहुधा कांहीं भरावेंही लागत नाहीं. परंतु याच सोयीनें घात केला आहे. सरकार खर्च विचारीत नाहीं, म्हणून मालकानेंही तो लिहिणें सोडलें. लासलगांवहून कांदा घेऊन कोलकात्यास गेलेली गाडी परतीच्या भाड्यासाठीं चार दिवस उभी राहिली, तर त्या चार दिवसांचें जेवण, गाडीतळाचे पैसे, आणि शेवटीं रिकामीच निघाली तर परतीचें डिझेल, हें सर्व त्या खेपेच्या नांवें पडलें पाहिजे. तें कोणी पाहत नाहीं. हातीं आलेली रोकड तेवढी दिसते. मग टायर बदलण्याची वेळ आली म्हणजे सोसायटीचें पीककर्ज तिकडे वळतें. गाडीनें शेत खाल्लें हें घरांतल्या माणसांस फार उशिरां कळतें.

ठोक आकारणी शेतकऱ्यास नवी नाहीं. शेतसाराही ठरलेलाच असतो. पण पीक बुडून आणेवारी, म्हणजे हल्लींची पैसेवारी, ५० पैशांच्या खालीं आली तर साऱ्यांत सवलत मिळते. गाडीस आणेवारी नाहीं! पावसाळ्यांत ती तीन महिने अंगणांत उभी असली तरी महिने मोजले जातात, महिन्याचा तुकडाही पुरा धरतात, आणि हप्त्यानें घेतलेली गाडीही मालकीचीच समजतात. उत्पन्न याहून कमी झालें असें म्हणावयाचें तर वह्या ठेवून सनदी लेखापालाकडून त्या तपासून घ्याव्या लागतात. एका गाडीच्या धन्यास ही अट झेपणारी नाहीं. तपासणीची फी देण्यापेक्षां तो गप्प बसतो.

अमेरिकेंत स्वतःची गाडी हांकणाऱ्यास, कामाच्या तासांचे नियम लागू असल्यास, घरापासून दूर असतांनाच्या जेवणापैकीं शेंकडा ८० खर्च वजा मिळतो. आपल्याकडे मालकच चालक असेल तर त्याच्या वाटेवरच्या पोटासाठीं असा नियम नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, एक-दोन गाड्यांच्या मालकाची खेपवही, डिझेलच्या पावत्या व फास्टॅगचा उतारा यांवरून खरा खर्च, चालक-मालकाच्या जेवणासकट, लेखातपासणीवांचून मान्य व्हावा. खोटे हिशेब येतील अशी शंका निघेल; पण गाडीनें टोलनाका केव्हां ओलांडला हें फास्टॅगमध्यें नोंदलेलें असतें. शेतकरी संघांनीं ही मागणी अर्थसंकल्पापूर्वीं दिल्लीस पाठवावी.

तोंवर खेपवही तरी सुरू व्हावी. खेपेस एक पान: तारीख, माल, वजन, भाडें, उचल, खालीं डिझेल, टोल, हमाली, जेवण, दुरुस्ती, उभें राहिल्याचे दिवस, परतीचें भाडें. टायर व विमा यांचा वांटा महिन्यास धरावा. पंपावर एका दिवसांत १०,००० रुपयांहून अधिक रोख देऊं नये. खरा खर्च मागण्याची वेळ आल्यास तो सामान्यतः नामंजूर होतो. वही गाडींत नव्हे, घरीं ठेवावी, आणि खेप संपतांच वडिलांनीं किंवा थोरल्या भावानें ती वाचून घ्यावी.