रात्र कुणाच्या नावावर?



या शहरात माणसाच्या वावरण्याला घड्याळ लावलं ते पेशवाईनं. दुपारी तीन ते सकाळी नऊ, महार-मांगांनी वेशीच्या आत यायचं नाही. का? तर उन्हं कलली की सावली लांबते, आणि ती बामणाच्या अंगावर पडते. रात्रीला तर सावलीच नसते. तरी रात्रभर वेस बंदच. आत बावनखणीत घुंगरं वाजत होती, त्यांना वेळ कुणी विचारली नाही.

आता पेशवे नाहीत, लायसन आहे. पोलिसांचं वेगळं, एक्साइजचं वेगळं, महापालिकेचं वेगळं. पुण्यातल्या पबला रात्री दीडपर्यंत मुभा. डान्सबारला २०१६ च्या कायद्यानं साडेअकरा, आणि ती वेळ २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातही टिकली. दारू तीच, रात्र तीच. पबात गिऱ्हाईक नाचतं, बारमध्ये बाई नाचते आणि त्यावर घर चालवते. पैसे देऊन नाचणाऱ्याला दीड, पैसे घेऊन नाचणारीला साडेअकरा. हिशेब कळला?

२००५ साली सरकारनं डान्सबार बंद केले तेव्हा थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट होती. कलम ३३ अ गरिबाला, ३३ ब शेठजीला. हायकोर्टानं २००६ त, सुप्रीम कोर्टानं २०१३ त ते उडवलं. मधल्या आठ वर्षांत कोल्हाटी, नट, बेडिया अशा जातींतल्या पोरींपैकी कितीजणींना कुठले जिने चढावे लागले, ते बुधवार पेठेला विचारा.

त्याच २०१६ च्या कायद्याची आणखी एक अट होती. देवळापासून, शाळेपासून एक किलोमीटरच्या आत डान्सबार नको. आमच्या पेठेत उभं राहून मोजा साल्यांनो! इकडं दगडूशेठ, तिकडं तांबडी जोगेश्वरी, आणि रस्त्यापलीकडं भिडेवाडा, जिथं १८४८ त जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. ही अटही कोर्टानं २०१९ त काढली, ते सोडा. पण शाळेच्या पावित्र्याचा एवढा कळवळा असलेल्यांनी भिडेवाडा ढासळताना वर्षानुवर्षं बघितला. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला, तेव्हा कुठं स्मारकाची वाट मोकळी झाली.

१९ मे २०२४. कल्याणीनगरात पबमधून निघालेल्या अल्पवयीन पोराच्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर मेले. पहिला जामीन मिळाला तो तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर. मी मॅट्रिक. तेवढ्या निबंधावर आम्हाला दहा मार्कसुद्धा धड पडत नव्हते. बोंब झाली तेव्हा बुलडोझर निघाले, लायसनं स्थगित झाली. म्हणजे कल्याणीनगरावर कारवाई व्हायला दोन मुडदे पडावे लागतात. बुधवार पेठेवर धाड घालायला काहीच लागत नाही. बरोबर दोन वर्षं आधी, १९ मे २०२२ ला, सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की वेश्याव्यवसायातल्या बायांशी पोलिसांनी माणुसकीनं वागावं, शिवी देऊ नये, हात उगारू नये. फरासखाना चौकीवर हा आदेश मोठ्या अक्षरात लावा, ही आमची मागणी.

मला दारूचा पुळका नाही. गोदीत मी रोज बघतो, पगाराची रात्र कुठं रिकामी होते. पण वेळ ठरवायची तर ती राहणाऱ्या माणसांनी ठरवावी, आणि त्याला वाट आहे. वॉर्डातल्या पुरेशा बायांनी मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. आडवी बाटली. मात्र बाया म्हणजे मतदार यादीतल्या बाया. जिनं वीस वर्षं याच पेठेत काढली आणि जिचं नाव यादीतच नाही, तिची बाटली ना उभी, ना आडवी.

म्हणून पोरांनो, पबच्या दारात घोषणा देण्याआधी सहा नंबरचे फॉर्म घ्या. गल्लीगल्लीत बसा. आधी त्या बायांना विचारा की त्यांना किती वाजता काय बंद हवंय. आपण ठरवून जायचं नाही. कोण येतंय ते या अंकाच्या पत्त्यावर कळवा. रविवारी मला सुट्टी असते.