आजीचा जबाब आणि मुक्ताचा निबंध



मागच्या महिन्यात वरवे बुद्रुकला बैठक झाली. तिथं एका काकांनी मला सरळ विचारलं, "पोरी, जमिनीचं बोलायचं सोडून तू पुस्तकं वाचा काय सांगतीस? वाचून सातबारा मिळतो का?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं लिहिते.

आमच्या वाडीचे वनहक्काचे दावे पहिल्यांदा भरले तेव्हा लिहायला बाहेरचा माणूस आणला होता. त्याने सगळ्यांच्या जबाबात एकच वाक्य लिहिलं, अर्जदार पूर्वापार सदर जमीन कसत आहेत. नाव बदललं, अंगठा बदलला, बाकी सगळं तेच. पुढे कागद परत आले. त्यावरही एकच वाक्य, पुराव्याअभावी दावा अमान्य करण्यात येत आहे. मी बारावी झालेली, तरी ते वाचून गप्प बसले. वाचता येत होतं, पण उलटून लिहिता येत नव्हतं.

मग एका कार्यकर्त्या ताईने मला मुक्ता साळवेचा निबंध दिला. मुक्ता मांग समाजातली, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी. शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलं आणि ते १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं.

पहिल्यांदा वाचला तेव्हा रडू आलं. दुसऱ्यांदा मात्र, दुसऱ्याने विणलेलं जाळं आपण गाठ-गाठ बघतो ना, तसा वाचला. हिने हे केलं कसं?

एक, ती नुसतं 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणून थांबत नाही. आमची माणसं तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरली, असं सांगते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात तिचे काय हाल होतात, ते दाखवते. दोन, ती समोरच्याचंच बोलणं धरते. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर मग आमचा धर्म कोणता, असं विचारते. तीन, शेवटी आपल्याच माणसांकडे वळते आणि शिका म्हणते.

हेच आम्ही दाव्याला लावलं. शेजारच्या घराच्या दाव्यासाठी एका म्हाताऱ्या आजीचा जबाब पुन्हा घेतला. 'पूर्वापार' शब्द काढून टाकला. आजी म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवा ह्येंचा आजा तिथं नाचणी पेरीत होता. वरच्या बांधावरचा आंबा माझा थोरला जन्मला त्या साली लावलाय." बोलली तसंच लिहिलं. थोरला आता पन्नाशीचा आहे. कायद्यातली तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. हिशोब कुणीही करावा. आजीचं ऐकून त्या घरच्यांना पत्र्याच्या पेटीतली जुनी दंडाची पावतीही आठवली.

मग कायदा वाचला. १३ व्या नियमात लिहिलंय की दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, तर जबाब आणि पावती मिळून दोन झाले. मग त्यांचंच वाक्य धरलं. 'अमान्य करण्यात येत आहे', पण करतंय कोण? त्या वाक्यात माणूसच नाही! कोणता पुरावा बघितला, कोणता बघितला नाही, कोणी ठरवलं, असं लेखी विचारलं. दावा नाकारला तर कारणं लेखी द्यावी लागतात, आणि निर्णयापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

निकाल अजून लागलेला नाही, खोटं कशाला सांगू? पण यावेळी कागद एका वाक्यात परत आला नाही. पाहणीला आलेल्या माणसाला बांधावर चढून तो आंबा बघावा लागला.

तर काका, तुमचं खरं आहे. वाचून सातबारा मिळत नाही. पण वाचलं नाही तर दुसऱ्याच्या वाक्याखाली आपला अंगठा उठतो. आणि वाचून मी साहेबासारखं 'सदर' आणि 'सबब' लिहायला लागले असते, तर तेही वाचणं फुकटच. मुक्ताकडून मी अवघड शब्द घेतले नाहीत. आपलं दुःख नाव-गाव-साल सांगून कसं मांडायचं, तेवढं घेतलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक वाडीत आठवड्यातून एका रात्री बसू या. एकाने मोठ्याने वाचायचं. एकदा मुक्ताचा निबंध, एकदा कायद्याचा एखादा नियम, एकदा हापिसातून आलेलं पत्र. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी ऐकून सांगायचं, यात खरं काय, खोटं काय, आपलं काय राहिलं. आजीसारखी माणसं आहेत तोवर त्यांचे जबाब त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. आंबा राहील, पण तो कोणी लावला हे सांगणारं माणूस उद्या नसेल.

जिंदाबाद!