लेकराचा ताप आणि घरची नोंद

गेल्या महिन्यात धाकटी बहीण आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन म्हसावदला माहेरी आली. दुसऱ्याच रात्री बाळाला सणसणून ताप भरला. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. आई म्हणाली, "दात येत असतील, दोन दिवस वाट पाहू." बहीण मात्र उठून बसली. "दादा, सकाळी आधी हिची लघवी तपासायची. थोरल्याच्या वेळी वाट पाहिली, तेवढी पुरे झाली."

तिचे म्हणणे रास्त होते. थोरल्या भाच्याला वर्षाचा असल्यापासून असाच अधूनमधून ताप यायचा. आमच्या भागात ताप म्हटला की पहिली शंका मलेरियाची. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, दृष्ट काढून झाली. लघवी तपासावी हे मात्र कोणालाच सुचले नाही. शिकल्यासवरलेल्या मामालाही नाही. चौथ्या वर्षी निदान झाले, तेव्हा उजव्या मूत्रपिंडावर व्रण पडून गेलेले होते.

वाचकहो, हा आजार समजायला कठीण नाही. मूत्रपिंडात तयार झालेली लघवी दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात उतरते. या नळ्या मूत्राशयाच्या भिंतीतून तिरप्या शिरतात. त्यामुळे मूत्राशय भरले की नळी आपोआप दाबली जाते आणि लघवी परत वर जात नाही. काही मुलांत हा तिरपा भाग जन्मतःच आखूड असतो. मग लघवी उलटी वर चढते. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात आणि त्याच्या पाच पायऱ्या मानतात. खालच्या पायऱ्यांचा दोष बहुधा वाढत्या वयाबरोबर नाहीसा होतो. पण लघवीत जंतू झाले आणि ते वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचले, तर तिथे सूज येते व व्रण राहू शकतो. व्रण पडलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. अशा काही मुलांना पुढे रक्तदाब जडतो, काहींचे मूत्रपिंड हळूहळू निकामी होते.

आता मुख्य मुद्दा. हा दोष घराण्यात उतरतो. एरवी शंभर मुलांत सुमारे एकाला तो असतो. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा मुलांच्या तपासलेल्या भावंडांपैकी शंभरात सुमारे २७ जणांत हाच दोष आढळला. आई किंवा वडिलांना तो असेल, तर मुलांत हे प्रमाण सुमारे ३६. जुळ्यांच्या एका अभ्यासात (२०००) एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला दोष असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण ८० टक्के निघाले, वेगळ्या जुळ्यांत ३५ टक्के. रक्ताचे नाते जेवढे जवळचे, तेवढी शक्यता अधिक.

मग सारखाच दोष असून एकाला व्रण पडतो आणि दुसऱ्याला का पडत नाही? यातही जनुकांचा हात असावा असे शास्त्रज्ञांना वाटते. रक्तदाब सांभाळणाऱ्या एसीई नावाच्या जनुकाचा एक प्रकार व्रण पडलेल्या मुलांत काही अभ्यासांत जास्त आढळला, काहींत नाही. काही मुलांचे मूत्रपिंड तर गर्भातच नीट वाढलेले नसते. एका जनुकावर बोट ठेवावे असे हे प्रकरण नाही, आणि रक्त तपासून कोणाला व्रण पडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच घरच्या माणसांची आठवण फार मोलाची.

आमच्याकडे तेच घडले. डॉक्टरांनी बहिणीला विचारले, "लहानपणी तुम्हाला असा ताप यायचा का?" तिच्याऐवजी आईच बोलली, "हो तर! दर पावसाळ्यात यायचा. आम्ही अंगारा लावायचो." दोन्ही बाळंतपणांत बहिणीचा रक्तदाब वाढला होता. सोनोग्राफीत तिचे एक मूत्रपिंड लहान निघाले.

घरी येताना ती हळूच म्हणाली, "म्हणजे दादा, हे माझ्यामुळेच ना?"

मी म्हणालो, "अगं, डोळ्यांचा रंग तू निवडून दिलास का पोरांना? तसेच हे." वारसा आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. यात पाप नाही, करणी नाही, गर्भारपणी खाल्ले-प्याले त्याचा दोष नाही. सासरी कोणी सुनेला बोल लावत असेल, तर हा मजकूर त्यांना वाचून दाखवा.

आता करायचे काय? दोन वर्षांच्या आतील मुलाला कारण न कळणारा ताप आला, तर लघवी तपासून घ्या. नमुना प्रतिजैविक औषध सुरू होण्यापूर्वी, अंग स्वच्छ धुऊन, निर्जंतुक डबीत घ्यावा. कल्चरला पाठवण्याविषयी डॉक्टरांना विचारा. उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होणे फार महत्त्वाचे, उशिराने व्रणाचा धोका वाढतो. रोजच्या अल्प मात्रेच्या औषधाविषयी अमेरिकेत ६०७ मुलांवर अभ्यास झाला. २०१४ साली कळले की त्याने पुन्हा होणारा संसर्ग निम्म्यावर आला, पण व्रण कमी झाले नाहीत. म्हणून असे औषध चालू असले तरी ताप अंगावर काढू नये, आणि औषध आपल्या मनाने सुरू किंवा बंदही करू नये. मोठ्या मुलांना बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. शाळेतील शौचालय घाण म्हणून मुली दिवसभर लघवी दाबून धरतात, त्यानेही हा त्रास वाढतो. ही गोष्ट पालकसभेत संकोच न करता मांडा.

भाचीच्या लघवीत जंतू निघाले. पण उपचार दुसऱ्याच दिवशी सुरू झाले आणि आज ती अंगणात रांगते आहे. पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत. भाच्याचा रक्तदाब दर भेटीत मोजला जातो.

आम्ही कारकून मागील बाकी नव्या पानावर ओढल्याशिवाय हिशेब पुढे नेत नाही. घरातही एक वही ठेवा. कोणाला लहानपणी वरचेवर ताप, कोणाला तरुणपणी रक्तदाब, कोणाचे मूत्रपिंड गेले, हे आजीला विचारून लिहा. दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या.