टक्केवारीत न मावणारा खुराक

वराहपालनात खाद्याची प्रत एकाच प्रश्नावर ठरते: प्रोटीन किती टक्के? व्यालेल्या मादीचे दूध पिल्लांना पुरत नसेल तर उपायही तिथेच शोधला जातो आणि खुराकात सोयापेंड वाढवली जाते. त्याने खर्च नक्की वाढतो. दूध वाढेलच असे नाही.

मादीला हवी असतात ती प्रोटीनमधून सुटणारी अमिनो आम्ले. त्यांतले जे सर्वांत तोकडे पडते, ते दुधाची मर्यादा ठरवते. मका-सोयापेंडीच्या खुराकात हे आम्ल बहुधा लायसिन असते. किलोभर मक्यात ते जेमतेम अडीच ग्रॅम, सोयापेंडीत 28 ग्रॅमच्या आसपास. लायसिन संपले की बाकीची आम्ले दुधासाठी निरुपयोगी होतात आणि शरीर ती जाळून टाकते. त्यांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो, शिवाय अंगातली उष्णता वाढते. उन्हाळ्यात आधीच धापा टाकणाऱ्या मादीला पेंडीचा हा जादा भार नकोसाच असतो.

हिशेब मांडून पाहू. दहा पिल्ले रोज प्रत्येकी 220 ग्रॅम वाढतात असे धरा. किलोभर वाढीला साधारण 4 किलो दूध लागते. म्हणजे मादी दिवसाला 9 किलोच्या आसपास दूध देते आहे. त्यासाठी पचणारे लायसिन ढोबळमानाने 50 ग्रॅम हवे. ती 6 किलो खात असेल तर किलोमागे 8 ग्रॅमच्या थोडे वर असले की भागते. 4 किलोच खात असेल तर किलोमागे साडेबारा ग्रॅम लागतात. गोणी तीच, तरी एकीचे भागते आणि दुसरी स्वतःचे स्नायू झिजवून पिल्लांना पाजते.

ही झीज सुरू झाली की आम्लांचे प्रमाणही बदलते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये दुभत्या मादीसाठी लायसिनच्या तुलनेत व्हॅलिन सुमारे 85 टक्के आणि थ्रिओनिन 65 टक्क्यांच्या आतबाहेर धरले. पण इलिनॉय विद्यापीठातील सुंग वू किम, डेव्हिड बेकर आणि रॉबर्ट ईस्टर यांनी 2001 मध्येच दाखवले होते की लायसिननंतर कोणते आम्ल कमी पडेल, ते मादी अंगातून किती काढते यावर अवलंबून असते. पोटभर खाणाऱ्या, अंग न झिजणाऱ्या मादीला व्हॅलिन कमी पडू लागते. खाणे कमी आणि झीज जास्त असेल तर थ्रिओनिन अपुरे ठरते, कारण स्नायूंतून सुटणाऱ्या आम्लांचे प्रमाण दुधाच्या गरजेशी जुळत नाही. म्हणून सगळ्या गोठ्यांना एकच तक्ता लावण्याचा आग्रह आम्हाला पटत नाही. डेन्मार्क किंवा आयोवातल्या मोठ्या वेताच्या संकरित माद्यांचे आकडे गोव्यातल्या अगोंदा गोवन मादीला जसेच्या तसे लावणे तर खर्च वाया घालवणे आहे.

पहिलारू मादीकडे मात्र जास्त लक्ष हवे. ती खाते कमी, तिची स्वतःची वाढही चालू असते आणि पिल्ले ओढतात तितकेच. अंगातले प्रोटीन फार झिजले तर पिल्ले तोडल्यावर ती उशिरा माजावर येते आणि दुसऱ्या वेतात पिल्ले कमी होण्याचा धोका असतो. नुकसान दिसते तेव्हा दोष रेतनाला दिला जातो. दुधाच्या दिवसांतला खुराक कोणाला आठवत नाही.

कारखान्यात किण्वनाने तयार होणारे लायसिन हायड्रोक्लोराइड आता सहज मिळते. त्यात 78 टक्क्यांच्या आसपास लायसिन असते, त्यामुळे थोडी पेंड कमी करून त्याची भर घालता येते. पण पेंड कमी केली की थ्रिओनिन आणि व्हॅलिनही घटतात. तो हिशेब न करता नुसते लायसिन मिसळणे अर्धवट काम आहे. हॉटेलच्या उरलेल्या भात-पोळीवर जगणाऱ्या मादीची अडचण वेगळी. तिच्या खाण्यात पिष्ट आणि तेल भरपूर असते, लायसिन नगण्य. अशा उष्ट्यातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर येण्याचा धोका तर आहेच.

सुरुवात करायची ती गव्हाणीपासून. रोज किती खाद्य टाकले आणि किती उरले याची नोंद ठेवावी. 25 अंशांपुढे पारा गेला की मादीचे खाणे घटते, म्हणून खुराक पहाटे आणि रात्री, शक्य तर भिजवून द्यावा. गाभणपणात तिला फार लठ्ठ करू नये. अशी मादी व्याल्यावर कमी खाते. पाणी दिवसाला 20 ते 30 लिटर लागते, आणि पाण्याच्या निपलमधून ते थेंबथेंब येत असेल तर महागडे व्हॅलिन विकत घेण्याआधी पाइप साफ करावा.