हमालाचा दोष की आपला?

मित्रांनो, कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच सुचला.

सुट्टीत काकांच्या जुन्या जीपचा फायबरचा हार्डटॉप पुण्याहून नगरमार्गे कड्याला नेला. टेम्पोत तो मीच बांधला. दोर मधोमध करकचून आवळला, खाली मऊ काहीच ठेवलं नाही. कड्याला उतरवून पाहतो तर बोल्टच्या भोकापासून तडा! काकांनी हमालाची मजुरी कापली. तो एवढंच म्हणाला, "कुठं धरायचं ते सांगितलं व्हतं का, दादा?" मी गप्प बसलो.

फायबर वजनाला हलकं, पण भार एका जागी आला की तडकतं, भोकांपाशी तर आधी. म्हणून टॉप चारही बाजूंनी फोमवर किंवा गोधडीवर टेकवावा. दोराऐवजी रुंद पट्टा घ्यावा, तोही बेताने ताणावा. उघड्या गाडीत वाऱ्याचाही विचार हवा. ताशी 80 किलोमीटरला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 30 किलो भरतो. वेग निम्मा केला की दाब चौथाई. हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकतो, पेपर लिहितो आणि विसरतो.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला कळतं, त्यानेच खुणा करून, बाण काढून सांगायला हवं. न सांगता नुकसान हमालाच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

तडा रेझिन आणि मॅटने बुजला. मजुरी मात्र द्यायची राहिलीय. पुढच्या सुट्टीत ती मी माझ्या खिशातून देणार आहे.